संशयाला औषध नाही

औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला जगाची जेवढी गुपिते कळतात, तेवढी न्हाव्यालाही कळत नसतील. कोणाला रात्री झोप येत नाही, कोणाच्या घरी पाळणा हलणार आहे, कोणाचे पोट कशाने बिघडले, हे सारे गल्ल्यावर बसल्या बसल्या न विचारता कळते. तीस वर्षे मी नांदेडला हा धंदा केला. आता दुकान मुलगा पाहतो आणि मी संध्याकाळचे दोन तास खुर्ची उबवतो. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला मी रिकाम्या हाताने फारसा परत पाठवला नाही. खोकल्यावर दिले, दम्यावर दिले, सांधेदुखीवर तर पोत्याने दिले. एका दुखण्यावर मात्र अजून कोणत्याही कंपनीने गोळी काढलेली नाही. ते दुखणे म्हणजे संशय. त्याची गंमत अशी, की ते होते एकाला आणि कण्हावे लागते दुसऱ्याला!

हे दुखणे आमच्या घरापर्यंत आले, म्हणून आज आपल्यापुढे हा विषय मांडतो आहे.

आमचे मूळ गाव चुडावा. आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेले नसेल. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पूर्णा जंक्शन सोडले, की नांदेडच्या आधी एक लहानसे स्टेशन लागते, तेच ते. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. आपण गाडीत डुलकी घेत असाल, तर स्टेशन येऊन गेले हेही कळायचे नाही. भोवती काळी जमीन. पावसाळ्यात ती पायाला अशी चिकटते, की चप्पल हातात घेऊन चालावे. थोरल्या भावाच्या पश्चात माझा पुतण्या तिथे शेती पाहतो. त्याची मुलगी, म्हणजे नात्याने माझी नातच, पळते.

आता पळते म्हणजे काय? तर पहाटे साडेचारला उठून, भावाचे जुने बूट घालून, स्टेशनाच्या बाजूच्या रस्त्याने मैलोन्‌मैल पळते. सुरुवात झाली ती पोलीस भरतीपासून. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावे लागते, तेव्हा आमच्याकडच्या गावांतून पहाटे पळणाऱ्या पोरी आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. थोरल्या बहिणीला सोबत म्हणून ही तेराव्या वर्षी तिच्याबरोबर निघाली. बहीण लग्न होऊन गेली; हिचे पळणे मात्र राहिले. ८०० मीटर तिला पुरेनात. पाच किलोमीटर झाले, दहा झाले. तालुक्याच्या शर्यतीत पहिली, मग जिल्ह्याच्या. परभणीच्या ज्योती गवतेने २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला होता. ते वर्तमानपत्रातले कात्रण हिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवले आहे. सगळे कसे छान चालले होते.

मग गेल्या वर्षी एका शर्यतीत ही मुलांच्या बरोबरीने आली. पाच किलोमीटर, वीस मिनिटे चाळीस सेकंद. झाले! पारावर, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर एकच विषय. ‘पोर काहीतरी खायलीय.’ ‘इंजेक्शन घेत असंल.’ ‘कामून नाही? आबाचं औषधाचं दुकान हाय की नांदेडला!’

पाहिलेत? एका दगडात दोन पक्षी. पोरीचे पाय माझ्या दुकानातून गेले!

या बोलण्याला एक बारीकसे मूळ होते, तेही सांगितले पाहिजे. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिला कोणीतरी निळी गोळी घेताना पाहिले होते. ती गोळी लोहाची. सरकारी योजनेतून वाढत्या वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक अशी ती शाळेत मिळते. वर्गातल्या सगळ्या मुली ती घेतात. निदान घेतल्यासारखे करतात. लोह हे काही बंदी घातलेले द्रव्य नव्हे. पण गोळी निळी होती आणि पोर जिंकली होती. गावाला तेवढे पुरले.

एका संध्याकाळी गावाकडचे एक गृहस्थ दुकानात आले. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, सुटे पैसे मोजले आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, “आबा, खरं सांगा, पोरीला काय देता? माझ्या पोराची पण भरती हाय.” मला हसावे की रडावे तेच कळेना. गंमत अशी, की त्यांच्या हातातल्या पुडीत जी गोळी होती, तीच जगातल्या मोठमोठ्या धावपटूंना घरी बसवीत असते!

हे कसे, ते थोडे सांगतो. ‘हायड्रोक्लोरोथायझाइड’ हे रक्तदाबावरचे जुने, स्वस्त औषध. आपल्या घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या डब्यातही ते असेल. त्याने लघवी जास्त होते. लघवी पातळ झाली की तिच्यातले दुसरे, खरे चोरीचे द्रव्य सापडणे कठीण होते. म्हणून खेळाडूंना ते वर्ज्य. ‘प्रोबेनेसिड’ हे गाऊट नावाच्या सांधेदुखीवरचे. तेही वर्ज्य, कारण त्याच्यामुळे उत्तेजक द्रव्ये लघवीतून लवकर बाहेर पडत नाहीत. ही दोन्ही औषधे स्वतः कोणाला पळवीत नाहीत. ती पळवणाऱ्याला लपवतात. आणि खरा पळवणारा म्हणजे ‘ईपीओ’. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रोग्यांना ते इंजेक्शन लागते. आमच्या दुकानात ते फ्रिजमध्ये असते आणि नेताना बर्फाच्या पिशवीतून न्यावे लागते. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत दम म्हणजे काय, तर रक्ताने स्नायूंपर्यंत पोचवलेला प्राणवायू. तेव्हा पेशी वाढल्या की दम वाढला. पण निरोग्याने ते घेतले तर रक्त दाट होऊन हृदयावर बेतू शकते. ज्या औषधाने रोग्याच्या चेहऱ्यावर थोडी लाली येते, तेच औषध धडधाकट माणूस पदकासाठी टोचून घेतो, याचे मला औषधविक्रेता म्हणून नेहमीच वाईट वाटते.

म्हणजे गावचा संशय अगदीच वेडगळ होता असे नव्हे. जगात हे चालते, आणि आपल्याकडेही चालते. २०२३ साली भारतीय खेळाडूंचे ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांतले २१४ दोषी निघाले. एवढ्या मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट होते. आणि दूर कशाला जा? नाशिकची संजीवनी जाधव २०१७ साली भुवनेश्वरला आशियाई स्पर्धेत ५,००० मीटरमध्ये तिसरी आली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तिचे कौतुक केले. पुढे २०१८ च्या जूनमधल्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडले. दोन वर्षांची बंदी आली, आणि २०१९ साली दोहाला १०,००० मीटरमध्ये मिळालेले कांस्यपदकही गेले. बंदी भोगून ती परत मैदानात उतरली आणि पुन्हा राष्ट्रीय पातळीवर जिंकली. शिक्षा झाली, शिक्षा संपली. पण आमच्या पोरीच्या बाबतीत गावात बोलणे निघाले, तेव्हा एकाने हेच नाव घेतले: “ती न्हाई का सापडली? मग ही काय वेगळी?” एकीच्या चुकीचे व्याज दुसरीकडून वसूल करण्याची ही सावकारी रीत आहे.

संशय घ्यायला लोक फार शिकले ते १९९३ पासून. त्या सप्टेंबरात बीजिंगला चीनच्या वांग जुन्‌श्याने १०,००० मीटरचा विक्रम जवळजवळ ४२ सेकंदांनी मोडला: २९ मिनिटे ३१.७८ सेकंद. पाचच दिवसांनी ३,००० मीटरचाही विक्रम तिचाच झाला. तिचे गुरू मा जुन्‌रेन सांगत, की हा कासवाच्या रक्ताचा आणि एका औषधी बुरशीचा प्रताप. २०१६ साली चिनी वृत्तपत्रसृष्टीत एक जुने पत्र बाहेर आले. १९९५ सालच्या त्या पत्राखाली वांग आणि तिच्या सोबतिणींच्या सह्या होत्या, आणि आम्हांला बळजबरीने औषधे दिली जात होती, असे त्यात म्हटले होते. हे वाचल्यावर मला विक्रमापेक्षा त्या पोरींचीच आठवण जास्त येत राहिली. जगाने त्यांना लबाड म्हटले. पण लबाडी कोणाची आणि शरीर कोणाचे?

दुसरी गोष्ट २००१ सालची, कॅनडातल्या एडमंटनची. रशियाची ओल्गा येगोरोव्हा हिच्या नमुन्यात ईपीओ सापडले होते. पण तपासणीची रीत पुरी पाळली गेली नाही म्हणून तिला धावू दिले. इंग्लंडची पॉला रॅडक्लिफ प्रेक्षकांत उभी राहिली, हातात फलक घेऊन: ईपीओवाल्या लबाडांना हाकला! येगोरोव्हा ५,००० मीटर जिंकली तेव्हा प्रेक्षकांनी तिची हुर्यो केली. रॅडक्लिफने पुढे २००३ साली लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पळून जगाला थक्क केले. आणि २०१५ साली काय झाले? धावपटूंच्या रक्ततपासणीचे आकडे बाहेर फुटले आणि संशयाचे बोट तिच्याकडेच वळले! चौकशी झाली, आरोपात तथ्य नाही असे ठरले. पण तोवर फलक धरणाऱ्या बाईलाच आपले रक्त जगापुढे मांडावे लागले होते.

तिसरी गोष्ट तर कालपरवाची. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागोला केनियाच्या रूथ चेपन्‌गेटिचने २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. २ तास १० मिनिटांच्या आत येणारी ही पहिली स्त्री. आधीचा विक्रम तिने जवळजवळ दोन मिनिटांनी मागे टाकला. शर्यतीनंतर एका वार्ताहराने तिला तोंडावर विचारले, की हे खरे वाटण्यापलीकडचे आहे असे ज्यांना वाटते त्यांना तुम्ही काय सांगाल? केवढा गहजब झाला त्या प्रश्नावर! विजयाच्या क्षणी असे विचारावे का, म्हणून लोक त्या वार्ताहरावर तुटून पडले. मग मार्च २०२५ मधल्या तिच्या नमुन्यात तेच रक्तदाबाचे हायड्रोक्लोरोथायझाइड सापडले. मर्यादा २० नॅनोग्रॅमची आणि सापडले सुमारे ३,८००. मोलकरणीची गोळी चुकून घेतली, असे तिने सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी झाली. पण शिकागोचा विक्रम त्या नमुन्याच्या आधीचा, म्हणून तो पुस्तकात तसाच राहिला.

आता सांगा, या तीन गोष्टींतून आपण काय घ्यायचे? पहिल्या गोष्टीत संशय खरा ठरला, पण वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. दुसरीत तो संशय घेणारीवरच उलटला आणि खोटा ठरला. तिसरीत अर्धा खरा, अर्धा लोंबकळत राहिला. संशय येणे ही काही पापाची गोष्ट नव्हे. ताप येतो तसा तो येतो. पण ताप आला म्हणजे आपण थर्मामीटर लावतो, शेजारणीला विचारून टायफॉइड ठरवीत नाही.

आणि एक गोष्ट मला राहून राहून टोचते. मुलगा जोरात पळाला तर गाव म्हणते, ‘काय दम आहे!’ मुलगी जोरात पळाली तर गाव विचारते, ‘काय घेते?’ राष्ट्रीय पाहणीचा आकडा असा, की २०१९ ते २०२१ या काळात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरांत ५७ जणींच्या अंगात रक्त कमी होते. माझ्या दुकानातून लोहाच्या गोळ्या जितक्या जातात, त्यांवरून मला हा आकडा खोटा वाटत नाही. जिथे निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी, तिथे एखादीच्या अंगात ते पुरेसे निघाले तर आपल्याला तो अपराधच वाटू लागतो! तमिळनाडूच्या शांती सौंदरराजनचे काय झाले ते आठवा. २००६ साली दोहाच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक मिळवले, आणि स्त्री असण्याच्या चाचणीवरून ते काढून घेतले. औषधाचा तिथे संबंधच नव्हता. बाईने वेगाने पळण्याबद्दल काहीतरी दाखला दाखवावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे बोलणे वाढत वाढत शेवटी घरात शिरले. पुतण्या मला बोलवायला स्वतः नांदेडला आला. त्याचे म्हणणे सरळ होते. “काका, पुढल्या साली स्थळं बघायची. कुणी म्हणलं, पोर इंजेक्शनं घेत होती, मूलबाळ होईल का नाही, तर मी काय उत्तर देऊ? बंद करून टाकू पळणं.” बापाच्या काळजाला मी नावे ठेवणार नाही. उत्तेजकांनी बायकांच्या शरीराची नासाडी होते हे त्याने कुठेतरी वाचलेले होते, आणि ते खरेही आहे. त्याचा पोरीवर विश्वास नव्हता असे नाही. त्याचा गावावर विश्वास नव्हता.

चुडाव्याच्या ओसरीवर आम्ही बसलो. पोरीने मला एकच विचारले, “आबा, मी काही घेत नाही, हे दाखवायचं कसं?”

मी तिला खरे तेच सांगितले. औषधविक्रेत्याने लेबल लपवू नये. म्हणालो, “बाळ, घेतले हे दाखवता येते, घेतले नाही हे दाखवता येत नाही. आपल्या तालुक्याच्या शर्यतीत लघवीची बाटली घेऊन कोण उभे राहणार? आणि उद्या तपासणी झाली नि निर्दोष निघालीस, तरी ती त्या दिवसापुरती. जगातले कितीतरी लबाड डझनावारी तपासण्यांतून सुटले आहेत. हे लोकांनाही ठाऊक झाले आहे.”

ती उठली आणि आतून एक वही घेऊन आली. शाळेची, दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. तेराव्या वर्षापासूनचा हिशेब होता त्यात. तारीख, किती पळाले, किती वेळ लागला. पाच किलोमीटरला प्रथम सव्वीस मिनिटे, वर्षाने चोवीस, मग कितीतरी महिने तेवीसवर अडकलेली. मधूनच ‘ताप’, ‘सोयाबीनची काढणी, पळाले नाही’, ‘पोटात दुखत होते, चालले’. चार वर्षांत पाच मिनिटे वीस सेकंद कमी झाले होते. एकदम नव्हेत, उंदराने कुरतडावे तसे थोडे थोडे.

मला त्या वहीचे अप्रूप वाटले, त्याला कारण आहे. २००९ पासून मोठ्या धावपटूंच्या रक्ताची अशीच वही ठेवली जाते. तिला ते पासपोर्ट म्हणतात. वारंवार रक्त तपासून आकडे लिहून ठेवतात आणि खेळाडूची तुलना दुसऱ्याशी नव्हे, तिच्या स्वतःशीच करतात. आकडा अचानक उडी मारील तर विचारणा होते. म्हणजे त्या विद्वान मंडळींनी जे यंत्रांनी साधले, त्याचा गरीब भाऊ आमच्या ओसरीवर पडला होता. पण वही म्हणजे पुरावा नव्हे, हेही मी तिला सांगितले. वहीत कोणीही काहीही लिहील. पुतण्याने ती चाळली, परत दिली, आणि म्हणाला, “मला दाखवून काय? मला ठाऊक हाय. गावाला कोण दाखवणार?”

तेव्हा पोर म्हणाली, “बाबा, मी आता थांबले, तर लोक काय म्हणतील? धरली म्हणून थांबली. मग तर ते कायमचंच खरं झालं.”

यावर ओसरीवर कोणी काही बोलले नाही. तिची आई तेवढी आतून म्हणाली, “पहाटंचा चहा मी ठेवीत असते. पोर काय घेऊन जाती ते मला ठाऊक हाय. उद्या बी ठेवीन.” बस! पळणे बंद करण्याचा विषय त्या दिवशी संपला. स्थळांचा विषय संपलेला नाही, गावचे बोलणेही संपलेले नाही. पोर पळते आहे. पुढे किती जाईल कोण जाणे! कविता राऊत नाशिककडच्या आदिवासी पाड्यातून निघून २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरच्या कांस्यपदकापर्यंत पोचली. साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली. आमची पोर कदाचित जिल्ह्याच्या पुढे जाणारही नाही. पण मागे सरली तर ती दमाने मागे सरावी, बोलण्याने नव्हे, एवढीच माझी इच्छा.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकजण दर जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर मॅरेथॉन पाहायला उभे राहत असाल, हाती बिस्किटे, संत्र्याच्या फोडी घेऊन. आपल्या घरातही एखादी मुलगी पळत असेल. तिच्या आईबापांना एका म्हाताऱ्या दुकानदाराचे दोन शब्द. सर्दीची असो की सांधेदुखीची, कोणतीही गोळी मुलीला देण्याआधी डॉक्टरला ‘ही स्पर्धेत धावते’ एवढे सांगा. आजोबांच्या डब्याला तिला हात लावू देऊ नका. व्यायामशाळेत मिळणारी ताकदीची पावडर तर बिलकूल आणू नका. डब्यावर लिहिलेले सगळे डब्यात असते आणि न लिहिलेले काहीच नसते, अशा भ्रमात राहू नका. नाडा या सरकारी संस्थेने औषध वर्ज्य आहे की नाही हे पाहण्यासाठी मोबाइलवर ‘नो युअर मेडिसिन’ नावाची सोयही केलेली आहे. आणि संशय आलाच, तर तो तपासणाऱ्यांकडे न्या. तपासण्या वाढवा म्हणून ओरडा, गावोगावच्या शर्यतींत त्या व्हाव्यात म्हणून मागणी करा. त्यात चोर सापडेल, आणि न केलेल्या चोरीचा डाग घेऊन फिरणाऱ्या पोरींनाही थोडासा आधार मिळेल.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. आमच्या धंद्यात चिठ्ठीशिवाय काही औषधे द्यायची नसतात. तेव्हा आता कोणी काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून ‘आबा, खरं सांगा, पोर काय घेते?’ असे विचारले, की मी चष्मा वर करतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, “चिठ्ठी आणलीय का?”